पाच दिवसाआडचं पाणी

"मॅडम, आमच्याकडं नळ पाच दिवसाआड येतोय, चालू कुठं राहतोय?"

सातवीच्या वर्गात मी ब्रश करताना नळ बंद ठेवा म्हणाले, त्यावर मागच्या बाकावरची पोरगी अगदी सरळपणानं बोलली.

मग तिनंच सांगितलं, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्याचं शेवटचं पाणी संडाससाठी बादलीत, आणि नळ आला की आधी बॅरल भरायचं, मग शाळा. सांगताना तिचा हात हवेतच झाकण लावल्यासारखा फिरत होता, ते अजून डोळ्यासमोरून जात नाहीये.

भीमेवरच्या उजनीतून शंभरेक किलोमीटर पाइपातून सोलापूरला पाणी येतं हे मी शिकवते, पण ते जपायचं कसं हे अशा घरांना मी काय सांगणार? उद्या खडू तिच्या हातात देणार आहे.