मागाल त्यापेक्षा लहान टाकी

नऱ्ह्याला आमचं वर्कशॉप आहे. शटरवर 'इंधन साठवण' लिहिलेलं असल्यामुळे अधूनमधून कुणीतरी बाइक ढकलत येतो आणि पेट्रोल मिळेल का म्हणून विचारतो. मिळत नाही. आम्ही इंधनाचा थेंबही विकत नाही. जिथे महावितरणची लाइन पोचलेली नाही, किंवा पोचूनही पावसाळ्यात नसल्यासारखीच असते, अशा घरांमध्ये सोलरच्या जोडीला एक जनरेटर लागतो. त्या जनरेटरचं डिझेल नीट राहावं, एवढंच आमचं काम. टाकी, तिचा ओटा, पाइप, फिल्टर आणि मग वर्षातून दोन वेळा जाऊन देखभाल.

सुरुवात अर्थात टाक्यांपासून झाली नाही. मी आणि धाकटा भाऊ, दोघेही जनरेटर दुरुस्त करायचो. २००५-०६ चं लोडशेडिंग ज्यांनी पुण्यात काढलंय त्यांना सांगायला नको. दवाखाने, झेरॉक्सवाले, आइस्क्रीम पार्लर, सगळ्यांच्या दारात एक धडधडणारं मशीन. कामाला तोटा नव्हता आणि स्पेअरलाही नव्हता. खडकीला १९४६पासून ऑइल इंजिनांचा कारखाना असलेल्या गावात इंजिनवाला उपाशी राहत नाही. जून २००६मध्ये 'पुणे पॅटर्न' आला. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यामुळे ग्रिडवर वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांच्या बिलातून वसूल करायचा, अशी ती व्यवस्था होती. शहरात दिवे राहू लागले आणि दवाखान्यांचे फोन आटले. धंदेवाले म्हणून आम्ही पॅटर्नवर नाराज, नागरिक म्हणून खूश.

कारखान्यांतलं काम मात्र वाढलं, आणि तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसायला लागली. बोलावणं यायचं 'मशीन दम खातंय' म्हणून. पंप उघडा, नोझल काढा, सगळं ठीक. मग टाकीच्या तळाचा कॉक सोडला की आधी पाणी, मग काळा, बुळबुळीत गाळ, आणि त्यानंतर कुठे डिझेल. इंजिनाचा दोष नसतानाही इंजिन खोलायचे पैसे मिळत होते, ते आम्ही घेतलेही. पण भाऊ म्हणाला, "दादा, रोग टाकीत आहे आणि औषध इंजिनाला चाललंय." तिथून आम्ही टाकीकडे वळलो.

डोंगरातली घरं नंतर आली. मुळशी, वेल्हे, पानशेतच्या मागची गावं, भोरचा घाटाकडचा भाग. पुण्यातल्या लोकांनी तिथे जागा घेतल्या, काही जण निवृत्त होऊन राहायलाच गेले. लाइन आणायची तर खांबांचा खर्च घराच्या बरोबरीने, म्हणून सोलर. डिसेंबरमध्ये एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं आणि मालक खूश असतो. जुलैत त्याच पॅनेलवर ताम्हिणीचा ढग आठवडा आठवडा बसून राहतो. जुलै २०२४च्या शेवटी ताम्हिणीत चोवीस तासांत पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला; अशा दिवशी पॅनेलकडून काय अपेक्षा करणार? आणि ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ. मावळ-मुळशीत खांब आडवे झाले, पॉलिहाउस उडाली, कित्येक वाड्यावस्त्या बरेच दिवस अंधारात राहिल्या. लाइनवर असलेल्यांनाही त्या वर्षी आमच्याकडे यावंसं वाटलं. आमच्या धंद्याला खरं वळण त्या पावसाळ्याने दिलं, लॉकडाउन चालू असतानाही.

त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची मागणी एकच: "हजार लिटरची टाकी बसवून द्या, एकदाच भरून ठेवतो, कटकट नको." आणि आम्ही प्रत्येकाला सांगतो की शंभर लिटरची घ्या.

हजाराचा आकडा कुठून येतो ते मला माहीत आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर लायसन्स लागत नाही. लोक हे वाचून येतात आणि कायद्याने जेवढी सूट दिली तेवढी आपली गरज आहे असं धरून चालतात. मी त्यांच्यासमोर कागद घेतो. घराचा रोजचा वापर सहा युनिट: फ्रिज, दिवे, पंखे, पंप, वायफाय. वाईट दिवशी सोलरकडून दोन आले, चार कमी पडले. लहान डिझेल जनरेटर चांगल्या लोडवर लिटरमागे साधारण तीन युनिट देतो. बॅटरी भरताना त्यातले काही वाया जातात. म्हणजे दिवसाला पावणेदोन लिटर धरा. असे चाळीस दिवस सलग गेले तरी सत्तर लिटर. वर थोडी शिल्लक ठेवा, शंभर झाले. हजार लिटर भरलं तर ते संपायला दहा-बारा पावसाळे लागतील आणि त्याच्या कितीतरी आधी ते डिझेल राहिलेलं नसेल.

हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. डिझेल म्हणजे काय दूध आहे का नासायला, असं एका काकांनी मला ऐकवलं होतं. नासतं. नीट ठेवलं तर वर्षभर चांगलं राहतं, निष्काळजीपणे ठेवलं तर एका पावसाळ्यात बिघडतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर दिवसा आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि तिच्यातलं पाणी पत्र्यावर धरून तळाशी उतरतं. पाणी जड, ते खालीच बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे जंतू वाढतात, ते डिझेल खाऊन जगतात, आणि त्यांचाच तो काळा शेंबूड फिल्टरमध्ये येतो. म्हणून मृग लागायच्या आत टाकी काठोकाठ नाही, पण भरलेली हवी. उन्हाने डिझेल फुगतं, त्याला वर पाच टक्के जागा सोडायची. आणि तळाचा कॉक सोडून पाणी काढायचं. आमच्या टाक्यांचा तळ एका बाजूला उतरता असतो तो यासाठीच, आणि इंजिनाकडे जाणारा पाइप तळापासून दोन इंच वर असतो.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी नको, तांब्याचा पाइप नको. जस्त आणि तांबं दोन्ही डिझेलला लवकर म्हातारं करतात. साधा काळा पत्रा चांगला, आतून कोरा, बाहेरून रंग. एका बंगल्यावर आम्हाला पिंजऱ्यातली पांढरी प्लॅस्टिकची टाकी दिसली, भंगारातून आणलेली, पूर्वी तिच्यात कुठलं केमिकल होतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. उन्हात उभी, आत हिरवट पिवळं काहीतरी. मालकांना ती स्वस्तात मिळाल्याचा अभिमान होता. आम्ही नमस्कार करून परत आलो. नंतर त्यांनीच बोलावलं, ते वेगळं.

टाकीच्या खाली ओटा आणि भोवती बांध घालावा लागतो, गळती झालीच तर सगळं डिझेल आत मावेल आणि दहा टक्के जागा उरेल एवढा. कागदावर ही सोपी गोष्ट आहे. मुळशीत मात्र उघडा बांध जूनच्या पहिल्या आठवड्यातच पाण्याने भरतो, आणि पाण्याने भरलेला बांध काय कामाचा? वर डिझेल आलं की तरंगून बाहेर, तिथून उतारावर, आणि उताराच्या खाली कुणाची तरी विहीर. पाणी जाण्यासाठी भोक ठेवलं तर डिझेलही त्यातूनच जाणार. म्हणून आम्ही बांधावर छप्पर घेतल्याशिवाय काम करत नाही, आणि छपराला घाटाच्या बाजूने आडोसाही लागतो, कारण तिथला पाऊस वरून येत नाही, आडवा येतो. टाकीच्या श्वासनळीचं तोंड खाली वळवलेलं, त्यावर बारीक जाळी. हवा खेळती राहिली पाहिजे, बंद खोली चालत नाही. शिवाय उंदीर. रबरी होज ते एका हंगामात कुरतडतात, त्यामुळे आम्ही आता वर स्टीलची वेणी असलेलीच होज लावतो. कुलूप तर हवंच. डिझेलला पाय फुटतात.

पेट्रोल आम्ही हाताळत नाही. लहान पेट्रोल जनरेटर स्वस्त मिळतो, म्हणून लोक त्यासाठी ड्रम मागतात. लायसन्सशिवाय पेट्रोल घरी ठेवायची मर्यादा ३० लिटर आहे, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या, २५ लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यात. पेट्रोलची वाफ उणे तापमानातही पेट घेते, ती हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरकत देवघरातल्या निरांजनापर्यंत जाऊ शकते. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. घाटातल्या पावसाळ्यात ते साठवायचं ठिकाण मला अजून सापडलेलं नाही. डिझेल त्या मानाने शांत, पण अगदी निरुपद्रवी नाही. काडी टाकली तरी पेटत नाही असं छातीठोक सांगणारे भेटतात. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, किमान ३५ अंश आहे, आणि एप्रिलमध्ये पुण्यात पत्र्याच्या शेडखाली चाळिशी सहज ओलांडते. म्हणून वाळूच्या बादल्या आणि पावडरचा सिलिंडर बिलात धरलेलाच असतो. तो वगळून भाव कमी करा म्हणणाऱ्यांना आम्ही नकार देतो. जनरेटर घरात किंवा तळघरात बसवा म्हणणाऱ्यांनाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धंदा म्हणून हे सगळं कसं चालतं, असं आमचे सीए दरवर्षी विचारतात. लहान टाकीचं बिल लहान. आमचं घर चालतं ते देखभालीवर: मे महिन्यात एक फेरी, दसऱ्यानंतर दुसरी. मेमध्ये पाणी काढणं, फिल्टर बदलणं, जनरेटर निदान अर्ध्या लोडवर तासभर चालवणं (नुसता रिकामा चालवला की न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं), टाकीवर भरल्याची तारीख रंगाने लिहिणं. दसऱ्यानंतर उरलेलं डिझेल काढून मालकाच्या गाडीत किंवा शेजारच्या ट्रॅक्टरमध्ये घालायचं. ट्रॅक्टरवाले भाऊ त्याची वाटच बघत असतात. फिरतं डिझेल बिघडत नाही आणि गावाशी संबंधही चांगले राहतात.

घरमालक बहुतेक वेळ पुण्यात, म्हणून आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे तिथे राहणारे केअरटेकर. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवायचा, टेम्पोच्या प्लॅस्टिक मॅटवर नाही, हे आम्ही त्यांना करून दाखवतो. ठिणगीला स्थिर वीज पुरते. वेल्ह्याकडच्या एका ताई हे इतकं नेमाने करतात की पंपावरच्या पोराला त्या आधी कॅन खाली ठेवायला लावतात, मगच नोझल हातात घेऊ देतात. मालकांना पाठवलेला माहितीचा कागद कुठे जातो कोण जाणे. ताईंचा मात्र टाकीशेजारी लॅमिनेट करून टांगलेला असतो.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या. १ जुलै २०२४नंतर नवे जनरेटर 'सीपीसीबी फोर प्लस' या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या निकषांचेच घ्यावे लागतात. आणि लिथियम बॅटऱ्या आवाक्यात आल्या. पूर्वीच्या ट्युब्युलर, म्हणजे शिसं-ॲसिडच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, नाहीतर ती लवकर मरायची. लिथियमचं तसं नाही, आणि भरताना वाया जाणारी वीजही कमी. त्यामुळे जनरेटरचे तास घटलेत. 'पीएम सूर्यघर'च्या सबसिडीबद्दलही खूप जण विचारतात. ती ग्रिडला जोडलेल्या छतांसाठी आहे, डोंगरातल्या सुट्या घराला लागू होत नाही, एवढं सांगून मी पुढे जातो.

तास घटले की टाकी आणखी लहान. सध्या वर्कशॉपमध्ये साठ लिटरचा नमुना तयार होतोय, दोन माणसांना भरलेला उचलता येईल असा, आणि खिडकीतून पातळी दिसेल असा. लिथियम असलेल्या घरांना तो पुरेल असा आमचा हिशोब आहे. पहिला नमुना पानशेतजवळच्या एका घरी लावायचा आमचा विचार आहे. तिथल्या साहेबांनी पाचशे लिटरची टाकी मागितली होती. बोलणी चालू आहेत. बहुधा शंभरावर येऊन थांबतील.