रीलफूटचे बुंधे आणि 85 डॉलर

होडी भाड्यानं घेताना प्रोपेलरचा फोटो काढा. धक्क्यावरच, चारी बाजूंनी, मालकाच्या देखत. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. आम्ही काढला नाही, आणि आधीच टवका उडालेल्या पात्याचे संध्याकाळी 85 डॉलर मोजले. होडीचं दिवसाचं भाडं 120, ते वेगळं.

गेलो होतो टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातल्या रीलफूट तलावावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा धरायला. मेम्फिसहून 51 नंबरच्या हायवेनं डायर्सबर्ग, तिथून 78 धरून टिपटनव्हिल. रस्ता सोपा, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सोबत सासरे. देवगडचे, वय 71, जन्मभर खाडीत गरवलेलं. त्यांना वाटलं तलाव म्हणजे काय, घरचंच काम.

हा तलाव नेहमीसारखा नाही. 1811-12 च्या भूकंपांत इथली जमीन खचली, पाणी भरलं आणि उभं जंगल बुडालं. दोनशे वर्षं झाली तरी सायप्रस झाडांचे बुंधे पाण्याखाली तसेच उभे आहेत. सरासरी खोली जेमतेम पाच-साडेपाच फूट. म्हणजे बुंध्यावरून होडी जाईल असं वाटतं, आणि नेमकी तिथेच ती जात नाही.

धक्क्यापासून बाहेरच्या झाडांच्या रांगेपर्यंत अर्धा मैलही नसेल. जाताना 40 मिनिटं लागली, येताना वाऱ्यात सव्वा तास. पाणी निवांत असतं तेव्हा बुंध्यावर गुळगुळीत फुगवटा दिसतो, पोलराइज्ड चष्म्यातून तर बुंधाच दिसतो. वारा सुटला की लाटांत काही म्हणजे काही दिसत नाही. पहिल्या धडकेला मी इंजिनाचा वेग वाढवला. हा गाढवपणा. दुसऱ्या धडकेला प्रोपेलरची पिन तुटली, इंजिन नुसतंच गुरगुरायला लागलं आणि होडी आडवी होऊन वाऱ्याबरोबर पुढच्या बुंध्याकडे निघाली. बाबा शांतपणे वल्हं हातात घेऊन म्हणाले, "जावयानू, मासो व्हयो काय होडी?"

पिन मुद्दाम कच्ची असते, गिअर वाचावा म्हणून. जादाच्या दोन आणि पक्कड खिशातच ठेवा, डब्यात नको. एकानं पुढे वल्हं घेऊन बसायचं आणि पाणी चाचपत राहायचं. इंजिन अर्धवट उचललेलं, वेग चालण्याइतका, लाइफ जॅकेट अंगात, किल-स्विचची दोरी (आपण पडलो की इंजिन बंद करणारी) मनगटाला. शक्य असेल तर एखाद्या स्थानिक म्हाताऱ्याच्या मागोमाग जा, तो ज्या रेषेत जाईल त्याच रेषेत. वायव्येचा जोराचा वारा असेल तर सरळ घरी बसा. मी हे थकलेल्या खांद्यांनी लिहितोय, तरी मत बदलणार नाही.

आता मासा. आधी बघितलेल्या एका व्हिडिओत सांगितलं होतं की एप्रिल म्हणजे क्रॅपी किनाऱ्याला, सायप्रसच्या मुळांशी, दोन फूट पाण्यात. आम्ही सकाळी साडेसहा ते अकरा तिथेच बसलो. एक चावा नाही. खरी गोष्ट अशी की तारीख मासा बघत नाही, पाण्याचं तापमान बघतो. पाणी 60 ते 65 फॅरनहाइटला आलं की नर उथळ पाण्यात येतो, तळ साफ करून घरटं करतो, अंगानं काळाकुट्ट होतो आणि अंड्यांची राखण करत बसतो. मादी अंडी घालून निघून जाते. आदल्या दोन रात्री थंडीची लाट आली होती. माझ्या थर्मामीटरवर 54 भरलं. सार्डिससारख्या मोठ्या जलाशयात दोन थंड रात्रींनी एवढा फरक पडत नाही, पण इथे पाच फुटांचं पाणी, पातेल्यासारखं गार होतं. मासे मागे सरकून बाहेरच्या झाडांपाशी, चार-पाच फुटांवर थांबले होते. 10 डॉलरचं थर्मामीटर घ्या आणि पहिल्या तासातच तीन ठिकाणी पाणी मोजा.

तेही आम्हाला चुकूनच कळलं. बाबा खाडीच्या सवयीनं शिसं तळाला टेकवत होते. एकदा गरी बुंध्यात अडकली, ती सोडवून वर घेता घेता, तळापासून दोन-एक फूट वर, मासा लागला. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वर बघून खातो. आमिष त्याच्या खाली गेलं की संपलं. पाच फूट पाण्यात वरून तीन फूट खोल ठेवा.

लागलेला तो मासा गेला. पुढचे चारही गेले. बाबा तांबोशीला देतात तसा हिसका देत होते. सहावा होडीच्या काठापर्यंत आला आणि सुटला, तेव्हा गरीवर त्याच्या ओठाची फाटकी पारदर्शक पापुद्र्यासारखी चकती राहिली होती, दुधाच्या पिशवीच्या तुकड्याएवढी पातळ. इकडचे लोक ह्याला कागदी तोंडाचा म्हणतात ते उगाच नाही. हिसका द्यायचा नाही, काठी फक्त उचलायची, आणि मासा उचलून होडीत न घेता खालून जाळी लावायची.

काठी 10 फुटी, म्हणजे होडी झाडाला न भिडवता गरी बुंध्यालगत सरळ खाली सोडता येते. जिग, म्हणजे शिशाचं डोकं असलेला नकली आमिषाचा हुक, 1/16 औंसचा, वारा नसेल तर 1/32. तंगूस (नायलॉनची दोरी) मात्र 10 पाउंडांचा ताण सोसणारं वापरा आणि हुक बारीक तारेचा, सोनेरी, ॲबर्डीन प्रकारचा. बुंध्यात अडकला तर जोर लावल्यावर हुक सरळ होतो, तंगूस तुटत नाही. पक्कडीनं परत वाकवा. मी जाड हुक नेले होते, सतरा गमावले. जिवंत मिनो (आमिषाचे छोटे मासे) दुकानातून घेतले, डझनाला 4 डॉलर, दुपारपर्यंत निम्मे पांढरं पोट वर करून. बादलीत हवेचा पंप स्वतःचा न्या आणि मोजून घ्या, दुकानदार एक पळीभर काढून "झाले दोन डझन" म्हणतात.

शेजारून एक गाईड गेला, समोरचं पाणी दाखवणारा सोनार लावून. पडद्यावर मासा बघायचा आणि त्याच्या नाकासमोर जिग सोडायचा. मला तो व्हिडिओ गेम वाटतो. हेवा वाटला हेही खरं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला, ऊन आलं, 23 मासे मिळाले. छान गेला दिवस.

बाकी ऋतूंचं थोडक्यात. उन्हाळ्यात "खोल पाण्यात जा" हा सल्ला इथे कुचकामी, खोल पाणीच फारसं नाही. पहाटे कमळपानांच्या सावलीत बघा आणि नऊला परत या. ऑक्टोबरात मी एकदा गेलो होतो, मासे शॅड या छोट्या माशांच्या मागे, तलावाच्या ब्लू बेसिन भागातल्या मोकळ्या पाण्यात होते, आणि माझ्या मते तोच खरा मोसम. हिवाळ्यात जिग जवळपास हलवायचाच नाही.

लायसन्स घरूनच ऑनलाइन काढा. भारतातून आलेल्या आईवडिलांना परराज्यातल्यांचं लागतं. ज्येष्ठांची सवलत टेनेसीच्या रहिवाशांनाच आहे. किती मासे ठेवता येतात आणि किमान किती इंचांचे, तेही तलावागणिक वेगळं असतं, त्याच वेळी वाचून घ्या. काळी की पांढरी क्रॅपी असा वाद झाला तर पाठीवरच्या पराचे टणक काटे मोजा: काळीला 7-8, पांढरीला 5-6. खायला दोन्ही सारख्याच.

बाबांनी रव्यात घोळवून तळले. "अळणी आसा," म्हणाले, आणि सहावा तुकडा उचलला. मीठ-हळद लावून तासभर ठेवा, आमसुलाचं पाणी जरा सढळ हातानं.