बुधवारची कोंबडी

भाऊजी रिपोर्ट घेऊन आले ते भांडायच्या तयारीनेच. चार दिवस ताप, पोटात पीळ, शौचातून रक्त. रिपोर्टात जंतूचं नाव होतं कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी. "वहिनी, रविवारी दुपारी चिकन खाल्लं आणि रात्री सुरू झालं. त्या दुकानदाराला सोडत नाही आता."

मी २१ वर्षं लॅबमध्ये जंतू वाढवले, म्हणून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात जुलाबाचे खटले माझ्यापुढेच येतात. म्हटलं, रविवार सोडा. हा जंतू पोटात गेल्यावर बहुतेकदा दोन ते पाच दिवस घेतो. मागे मोजा. शनिवार मारुतीचा, शुक्रवारी तुमच्या सौ. माहेरी म्हणून तुम्ही खिचडी खाल्लीत, गुरुवार दत्ताचा. राहिला बुधवार. आणि बुधवारी तुम्ही आमच्याकडे जेवलात.

मग भाऊजींचा टीव्हीतला प्रश्न: "कोंबडीचा जंतू आणि माझा जंतू, डीएनए जुळवता येतो ना?"

येतो की. २००१ पासून या जंतूची सात जनुकं वाचून त्याला नंबर द्यायची पद्धत आहे; आता तर अख्खा जीनोम, म्हणजे जंतूचा सगळाच डीएनए, वाचतात. पण बुधवारची कोंबडी आहे कुठे? आणि असती, नंबर जुळला असता, तरी काय? २१ आणि ४५ नंबरची घराणी देशोदेशीच्या रुग्णांत सापडतात, कोंबड्यांतही. २१ तर गाईगुरांतसुद्धा. गवई फैयाज खाँसाहेब बडोद्यात राहिले म्हणून त्यांचं आग्रा घराणं बडोद्याचं होत नाही, तसंच हे. शिवाय एकाच पक्ष्याच्या आतड्यात दोन-तीन प्रकार एकत्र नांदतात आणि एकमेकांचा डीएनए उचलून घेतात. कोंबडीला याचा काही त्रास नाही. तिचं अंग मुळातच ४२ अंशांच्या आसपास गरम. आम्हीही लॅबमध्ये या जंतूसाठी इन्क्युबेटर ४२ वरच लावायचो, हवेतला ऑक्सिजन कमी करून. इतका नाजूक, नखरेल जंतू, पण पाचशेएक पोटात गेले तरी माणूस आडवा होतो.

भाऊजी म्हणाले, "पण रस्सा तर चांगला उकळला होता."

हो. रश्श्यात तो जगणारच नाही. पण त्याआधी मी कोंबडी नळाखाली तीन पाण्यांनी धुतली होती. सासूबाईंची शिस्त, न धुतलेलं मांस त्यांच्या चुलीवर चढलं नाही, माझ्याही गॅसवर चढत नाही. लॅबमध्ये पोरींना शिंतोड्यांवरून ओरडणारी मीच. आणि सिंकच्या कडेला कोशिंबिरीची काकडी चोचवून ठेवली होती, उघडी.

यांनी कोशिंबिरीला हात लावला नाही, यांना काकडी चालत नाही. मी त्या दिवशी नुसतं ताक प्यायले. भाऊजींनी दोनदा वाढून घेतली होती.

"म्हणजे दुकानदार सुटला?"

"पूर्ण नाही. कोंबडी त्याचीच होती."

भाऊजींनी रिपोर्टाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जाता जाता विचारलं, या रविवारी जेवायला काय आहे. म्हटलं, पिठलं.