रांजणातले खडे

पालखी विठोबा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वारी माझ्या लहानपणापासून पाहुण्यासारखी भवानी पेठेत यायची, दोन रात्री राहायची आणि जायची. मी कधी चाललो नव्हतो. टेलरिंगचं दुकान, त्या दिवसांत शाळेच्या गणवेशांची घाई. २०२४ ला गेलो, ते हिने पाठवलं म्हणून.

पोरगा भांडण सोडवायला गेला होता. मध्ये कोयता आला. एवढंच लिहितो. त्या दिवसापासून हिने देवघराला हात लावलेला नाही. दिवा मीच लावतो, तोही कधी राहतो. हातात पिशवी देताना म्हणाली, "मी त्याच्या दारात यायची नाही. तुम्ही जा आणि विचारून या." काय विचारायचं ते दोघांनाही माहीत होतं.

१ जुलैला पालखी पुण्यातच होती. दुपारी वकिलांचा फोन आला. आजपासून नवा कायदा, खुनाला आता ३०२ नाही, १०३. पण आपला गुन्हा आधीचा, आपल्याला ३०२च. बाहेर टाळ-मृदंग चालू, एका कानात बोट घालून मी हे आकडे ऐकतोय. "बरं साहेब" म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

दुसऱ्या दिवशी एकादशी. उपाशीपोटी पुणे ते सासवड. जावयाने कौतुकाने नवे बूट घेऊन दिले होते, त्यांनी हडपसरच्या पुढेच दगा दिला. वडकीला पोचेपर्यंत डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. रस्त्याकडेला कुणी सेवेचा मांडव घातला होता, तिथे बसलो. समोर सतरा-अठरा वर्षांचं पोर येऊन बसलं. कानावरचे केस साफ उडवलेले, भुवईत रेघ मारलेली. शिवाजीनगरला कोर्टाच्या जिन्यात अशीच एक भुवई मी पाहिली आहे. उठावंसं वाटलं, पण पाय त्याच्या मांडीवर गेलेला होता.

त्याला सुईत दोरा ओवता येईना. तीनदा चुकला, थुंकी लावून पुन्हा चुकला. शेवटी मला राहवेना. "आण इकडे," म्हणालो. चाळीस वर्षं हेच केलंय. ओवून दिला. त्याने सुई फोडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडून काढली, पाणी वाहिलं. दोऱ्याची टोकं दोन्हीकडे तशीच ठेवली. "काढू नका काका, झिरपत राहील." हात हलका होता. घोटा असा धरला होता, जसं पाखरू धरावं.

"घरी कोण कोण असतं, काका?"

"दोन पोरं," मी म्हणालो. मुलगी चिंचवडला दिलीय. आणि हा.

मग तो नियमाप्रमाणे "माउली" म्हणत पायावर डोकं ठेवायला वाकला आणि मी पाय मागे घेतला. त्याचं कपाळ सतरंजीला टेकलं. त्याला वाटलं, दुखला म्हणून घेतला. "सॉरी काका," म्हणाला. उलट मीच त्याच्या पाया पडायचं असतं, तेही राहिलं. पूर्ण दिवेघाट त्याच्यावर चिडत चढलो. त्याने काय केलं होतं?

सासवड, जेजुरी. भंडारा अजून पिशवीच्या शिवणीत आहे.

दिंडीत एक गृहस्थ रात्रभर घोरायचे आणि दिवसा मला समजवायचे. कुणीतरी त्यांना माझं सांगितलं होतं. "माफ करून टाका, हलकं वाटेल." यांचं पोर संध्याकाळी घरी फोन उचलतं. पसायदानात खळांची ओळ आली की मी ओठ मिटून घेतो, आणि ते नेमके माझ्याकडे बघतात.

वाल्ह्याला म्हणजे वाल्मिकींच्या गावात. तिथे वाल्या कोळ्याची गोष्ट निघणारच. ह्या गृहस्थांनी ती खास माझ्याकडे तोंड करून सांगितली. एकेका खुनाला एकेक खडा, असे सात रांजण भरले, आणि तरी नामाने तरला. सगळे माना डोलावत होते. मी म्हणालो, "आणि खडे?" कुणाला कळलं नाही. अहो, त्या प्रत्येक खड्याला आईबाप होते. त्यांचं पुढे काय झालं ते कुठल्या कीर्तनात येतं? वाल्या तरला, आनंद आहे.

मग समाज आरती. चोपदारांनी चोप वर केला आणि एवढा मोठा तळ गप्प झाला. ज्या दिंडीची तक्रार असेल तिने टाळ वाजवत राहायचं, ही रीत. मागे एका दिंडीचे टाळ चालू राहिले. टँकर पोचला नव्हता. ऐकून घेतलं, मार्ग निघाला, तेही थांबले.

त्या शांततेत माझा टाळ वाजला. एकदा, मग पुन्हा. चोपदारांनी आमच्याकडे पाहिलं. विणेकरी हळूच म्हणाले, "काय माउली? काय तक्रार?"

"चुकून," मी म्हणालो.

रात्री हिला फोन केला.

"विचारलंत?"

"टाळ वाजवला."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पायाचं कसं आहे?"