आमची वाटचाल : काटोलच्या बागेतून मलायाच्या मळ्यात

संत्र्याच्या बागेत रांगेच्या तोंडाशी उभं राहिलं की पार पलीकडच्या धुऱ्यावरची बाभूळ दिसते. तिथून दोन पावलं बाजूला सरकलं की वीस हातांवरचा माणूसही दिसत नाही. काटोल तालुक्यात आमची बाग आहे. लपाछपी खेळता खेळता हे आम्हा पोट्ट्यांना न शिकवता कळलं होतं. पुढे आमचा सगळा धंदा यावरच उभा राहील असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांसाठी आम्ही रबराच्या मळ्यांचं टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायची छोटी जमीन, झाडं आणि घरं बनवतो. नागपुरात अजून अनेकांना हा खेळ ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठं टेबल, त्यावर इंचभर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे आणि मोजायचा टेप. ऐतिहासिक लढाई घ्यायची, टेपनं अंतर मोजून सैनिक सरकवायचे, गोळीबाराचा निकाल फाशांवर. कुठून कोण दिसतं यावर अर्धा खेळ ठरतो, आणि ते ठरवतं टेरेन.

आधी आम्ही बिल्डर लोकांसाठी इमारतींची मॉडेल करायचो. मिहानच्या आजूबाजूला प्लॉटच्या स्कीम निघत होत्या तेव्हा हाताला उसंत नव्हती. मग एका मोठ्या कामाचे पैसे बुडाले, दोन वर्षं खेटे घालूनही मिळाले नाहीत. शेडचं भाडं थकलं. त्याच सुमारास लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नल साहेब दारात आले. त्यांचे मामा दुसऱ्या महायुद्धात मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, जपान्यांचे कैदी झाले होते. साहेबांना तिथली स्लिम नदीची लढाई टेबलावर मांडायची होती.

मी हौसेनं दाट झाडी करून दिली. वेली, झुडपं, सगळं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे जंगल झालं न भाऊ. मळा कुठाय?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला लढाई समजावून सांगितली. ७ जानेवारी १९४२, पहाटेचा अंधार. ट्रंक रोडवर ब्रिटिशांच्या बाजूनं सगळ्यात पुढे ४/१९ हैदराबाद, म्हणजे आजच्या कुमाऊं रेजिमेंटच्या वंशातली पलटण. तिच्या मागे ५/२ पंजाब, त्यामागे आरगाइल ही स्कॉटिश पलटण. जपानी रणगाडे त्यांना चिरत निघाले आणि सकाळ संपायच्या आत स्लिम नदीच्या पुलावर पोचले. रस्ता सरळ करताना सोडून दिलेली जुनी वळणं बाजूला तशीच पडून होती. समोरून अडवलं की रणगाडे त्यांवरून वळसा घालायचे. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आमची बाग येत होती. रांगेत उभं राहिलं तर सगळं मोकळं, तिरकं पाहिलं तर भिंत.

दुसऱ्या दिवशी कागदावर गणित मांडलं. २८ मिमीच्या सैनिकासाठी प्रमाण साधारण १/५६ धरतात. संत्र्याची लागवड ६ बाय ६ मीटरवर, म्हणजे टेबलावर १०७ मिमी. आम्ही १०० घेतले. टाइल, म्हणजे टेबलावर एकमेकांना जोडून मांडायचा चौकोनी तुकडा, ३०० मिमीची, तिच्यावर तीन रांगा, रांगेत तीन झाडं, आणि कडेचं झाड काठापासून बरोबर ५० मिमी आत. दोन टाइली जोडल्या की ५० आणि ५० मिळून १०० होतात. टाइल कशीही फिरवा, रांग तुटत नाही. खरा रबराचा मळा रांगेत याहून दाट असतो, पण तेवढं दाट केलं तर खेळणाऱ्याचा हात आत जात नाही. ही तडजोड आम्ही विचार करून केली. प्रत्येक झाडाच्या बुडाला लोहचुंबक आहे, रणगाडा आत घालायचा असेल तर झाड उचलून बाजूला ठेवता येतं. सहा बाय चार फुटांच्या टेबलाला २४ टाइली लागतात. त्यातल्या १२ मळ्याच्या, म्हणजे १०८ झाडं, आणि प्रत्येक झाड हातानं केलेलं.

खोडासाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली तांब्याची तार पिळतो. पानांसाठी सोफ्याचा फोम पाण्यात भिजवून मिक्सरला फिरवतो, मग रंगवतो. जमिनीवरचा पाचोळा म्हणजे लकडगंजच्या आरामशीनवरचा भुसा, तीन चाळण्यांतून काढलेला. गवताला कूलरची जुनी खसची ताटी फार छान लागते.

मी केरळात कोट्टायमला जाऊन रबराची झाडं जवळून पाहिली नसती तर हे सगळं अंदाजानंच चाललं असतं. साल फिकट राखाडी, तिच्यावर पांढुरके डाग. चिकासाठी दिलेली खाच डावीकडून उजवीकडे उतरती, सगळ्या झाडांवर त्याच दिशेनं, आणि खाली वाटी. पावसासाठी खोडाला प्लॅस्टिकचे झगे बांधलेले होते. १९४१ मध्ये ते नव्हते, म्हणून आम्ही लावत नाही. खाच आणि वाटी मात्र प्रत्येक झाडावर असते, तांदळाच्या दाण्याएवढी.

मोठा फटका पहिल्या परदेशी ऑर्डरला बसला. मे महिना, शेडमध्ये दोन कूलर. टाइलचा पाया एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाटीचा. तिच्या वरच्या बाजूला फेविकॉल, वाळू, रंगाचे चार थर, आणि खालची बाजू कोरी. कूलरची ओल कोऱ्या बाजूनं शिरली. ४० टाइली पापडासारख्या वाकल्या. पार्सल निघायला आठ दिवस होते. मी आणि बायकोनं त्या सगळ्या बाद करून पुन्हा केल्या. तेव्हापासून आधी दोन्ही बाजूंना सीलर आणि कडांना दोनदा. थर चढवला की टाइल विटांच्या वजनाखाली दोन रात्री. हे पाळल्याशिवाय एकही टाइल आमच्या शेडबाहेर जात नाही.

ऑस्ट्रेलियाहून लाँग टानच्या लढाईसाठी मागणी येते. १८ ऑगस्ट १९६६, व्हिएतनाममधला रबराचा मळा, धो धो पाऊस, १०८ ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडर सैनिक. त्यासाठी टाइल लाल चिखलाची करतो, वर चकाकी देतो.

मळ्याच्या संचात लोक मळेवाल्या गोऱ्या साहेबाचा बंगला हमखास मागतात. आम्ही बंगल्यासोबत मजुरांची लाइनही देतो, एका ओळीतल्या खोल्या, पुढे सामायिक ओटा, आणि तिचे वेगळे पैसे घेत नाही. मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणारे बहुतेक तमिळ होते. युद्धात त्यांच्यातल्या हजारोंना जपान्यांनी सयाम-बर्मा रेल्वेवर नेलं आणि त्यांतले फार मोठ्या संख्येनं परतले नाहीत. त्यांची घरं नसलेला मळा मला अपुरा वाटतो. एका गिऱ्हाइकानं लाइन काढून किंमत कमी करा म्हटलं, मी नाही म्हणालो.

आज शेडमध्ये आम्ही सहा जण आहोत. त्यातल्या दोन काकूंनी आधी राख्या बनवल्या होत्या, त्यांच्यासारखी तार कुणालाच पिळता येत नाही. सध्या १५ मिमीचा संच चालू आहे. १/१०० प्रमाणात ६० मिमीवर झाड, टाइलवर पाच बाय पाच, काठापासून ३० मिमी आत.

तोफगोळ्यांनी मोडलेली झाडंही लागतात. तार वाकवून ती खरी वाटत नव्हती. यंदा बाबांनी संत्र्याची फळं उतरल्यावर बागेतली सल, म्हणजे झाडांवरच्या वाळलेल्या काड्या, काढली. एरवी ती धुऱ्यावर पेटवायचे. यंदा दोन पोती भरून एसटीनं पाठवली. सध्या ती गच्चीवर उन्हात पसरली आहेत, रोज संध्याकाळी जाऊन मी त्यातली पेन्सिलीएवढी निवडतो.