न पिणाऱ्या बाईचे पबमध्ये काय काम?

पुण्याहून फोन करणाऱ्या नातेवाइकांपासून डब्लिनमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांपर्यंत अनेकजण मला एकच प्रश्न विचारतात: तुम्ही दारूला हातही लावत नाही, मग सारख्या पबमध्ये जाऊन करता तरी काय? या प्रश्नामागची शंका मला समजते. आपल्या डोळ्यांसमोर परमिट रूम असते: काळ्या काचा, आत अंधार, बसलेले सगळे पुरुष, आणि बाहेर पडताना रस्त्यावर ओळखीचे कोणी नाही ना, हे आधी पाहून घेणारा माणूस. आयर्लंडमधला वस्तीतला पब ही अगदी निराळी जागा आहे आणि तुम्ही विचारलेत म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

मी जाते तो पब ग्लासनेव्हिन भागात आहे. पाटीवर जॉन कॅव्हना हे नाव असले, तरी सारे शहर त्याला ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणून ओळखते, कारण तो ग्लासनेव्हिनच्या विस्तीर्ण दफनभूमीला लागूनच आहे. दफनभूमी १८३२ साली सुरू झाली, पब १८३३ साली. कबरी खणणारे मजूर इथे तहान भागवायला येत, आणि पब आजही त्याच कॅव्हना कुटुंबाकडे आहे. आत टीव्ही नाही, संगीत नाही. जुने लाकूड, मधूनमधून बुटके आडोसे आणि माणसांचे आवाज एवढेच तिथे आहे, आणि ते पुरेसे आहे, कारण लक्ष वेधून घेणारे दुसरे काही नसल्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे हेच तिथले मुख्य काम होऊन बसते.

परदेशात एकट्या राहणाऱ्या माणसाला याची किंमत विशेष कळते. डब्लिनमध्ये न कळवता कोणाच्या दारात जाऊन उभे राहण्याची सोय मला तरी कधी वाटली नाही. पबमध्ये मात्र आमंत्रण लागत नाही, निमित्त लागत नाही, आणि गावाकडच्या घराच्या ओसरीवर जसे कोणी येऊन टेकावे तसे तिथे टेकता येते. काउंटरपाशी एकटी बसलेली व्यक्ती कोणाला केविलवाणी वाटत नाही. बोलणे पावसावरून सुरू होते आणि कुठेही जाते. लिओ वराडकर २०१७ साली पंतप्रधान झाले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी मला त्यांच्या वडिलांकडच्या गावाविषयी इतके बारकाईने विचारले, की पेल्याखालच्या पुठ्ठ्यावर मी त्यांना कोकण किनारा, मालवण आणि वराड काढून दाखवले. पालकांसोबत आलेली मुलेही तिथे असतात. कायद्याने त्यांना रात्री नऊपर्यंत, आणि मे ते सप्टेंबर या महिन्यांत दहापर्यंत थांबता येते.

आता पिण्याविषयी. मी सोडा आणि लाइम घेते आणि त्याबद्दल मला आजवर कोणी छेडलेले नाही. गिनेस या इथल्या काळ्या बिअरचा पेला भरताना पाहणे मात्र मला मनापासून आवडते. बारमन पेला तिरका धरून तो पाऊण भरतो, बाजूला ठेवून देतो, आणि फेस स्थिरावल्यावर मगच उरलेला भाग भरतो. कंपनीच्या हिशेबाने या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात. त्या मधल्या वेळात बुडबुडे काचेलगत खाली जाताना दिसतात. पेल्याच्या मध्यभागी द्रव वर चढत असतो आणि कडेने उतरताना तो नायट्रोजनच्या बारीक बुडबुड्यांना सोबत खाली ओढतो, म्हणून हे घडते. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकालाही इथे थांबावे लागते, आणि थांबलेला माणूस शेजाऱ्याशी चार शब्द बोलतोच. राउंडची पद्धतही तशीच माणसांना बांधून ठेवणारी आहे: प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांसाठी मागवायचे, हिशेब कोणी काढायचा नाही, पण आपली पाळी येण्याआधी निघून जायचे नाही. मीही माझी पाळी पाळते. चिप्सचे पाकीट आणले, तर ते बाजूने फाडून टेबलाच्या मधोमध सपाट पसरायचे, हा अलिखित नियम मला फार आवडतो.

बाईने पबमध्ये सहज बसावे ही गोष्ट मात्र इथेही आपोआप घडलेली नाही. जुन्या पबमध्ये ‘स्नग’ नावाची छोटी बंद खोली असते, तिला काउंटरकडे उघडणारी खिडकी असते. पूर्वी बायका तिथे बसत, म्हणजे त्या कोणाला दिसू नयेत आणि त्यांना हवे ते मिळावेही. बाईला अर्धा पेला मिळे, पण पूर्ण पाइंट द्यायला अनेक ठिकाणी नकार असे. १९७० च्या दशकात पत्रकार नेल मॅकॅफर्टी आणि त्यांच्या मैत्रिणींनी एका पबमध्ये तीस ब्रँडी मागवल्या, मग एक पाइंट मागितला, आणि तो नाकारला गेल्यावर ब्रँडीचे पैसे देण्यास नकार दिला, ही हकिगत इथे आजही अभिमानाने सांगितली जाते. असा भेदभाव बेकायदेशीर ठरायला २००० सालचा समान दर्जा कायदा यावा लागला. आज स्नगमध्ये बसण्यासाठी स्त्री-पुरुष दोघेही लवकर येतात, कारण ती पबमधली सर्वांत ऊबदार जागा असते.

मला सर्वांत जास्त शिकवले ते अंत्यविधींनी. माझ्या गल्लीतल्या एका आजींचे दफन झाल्यावर सगळे जण पबमध्ये गेले, आणि त्या गर्दीत मला काय करावे ते कळेना. सूप आले, सँडविच आली, मग आजींच्या गोष्टी निघाल्या: त्यांचा हट्टीपणा, त्यांचे पत्ते खेळणे, त्यांनी शेजाऱ्यांच्या मुलांना दिलेला दम. लोक हसत होते आणि त्यांचे डोळे ओले होते. आपल्याकडे दहा-तेरा दिवस जे घरात चालते, ते इथे एका दुपारी, सगळ्या वस्तीसमोर चालले होते. मीही आजींची एक आठवण सांगितली, आणि त्या दिवसापासून गल्लीतली माणसे मला नावाने हाक मारू लागली.

दारूने या देशात पुष्कळ घरे दुखावली आहेत, हे मी विसरत नाही, आणि मद्यपान करून गाडी चालवण्याविरुद्धचे कडक नियम मला योग्यच वाटतात. तरीही खेड्यातला एकुलता एक पब बंद झाल्याचे वाचले की वाईट वाटते, कारण तिथल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी जायला दुसरी जागा उरत नाही. शहरात निदान लोक पब वाचवण्यासाठी भांडतात. स्मिथफील्डमधला ‘कॉबलस्टोन’ हा पब पारंपरिक संगीतासाठी प्रसिद्ध आहे. तिथे वादक प्रेक्षकांकडे नव्हे, तर एकमेकांकडे तोंड करून वाजवतात. २०२१ साली त्या जागी हॉटेल उभारण्याचा प्रस्ताव आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि महापालिकेने परवानगी नाकारली.

तेव्हा डब्लिनला आलात तर दुपारी चारच्या सुमारास माझ्याबरोबर चला. त्या वेळी गर्दी नसते आणि बसायला जागा मिळते. टेबलापाशी कोणी विचारायला येईल याची वाट पाहू नका, काउंटरवर जाऊनच मागावे लागते. पहिला राउंड माझा.