तुम्ही विचारलंत म्हणून: गोगलगायीच का?

"आपण काय करता?" असं कुणी विचारलं की मी "उत्क्रांतीवर संशोधन करते" म्हणते. इथवर मान असतो. "कशाच्या?" असा पुढचा प्रश्न येतो, मी "गोगलगायींच्या" म्हणते, आणि मान संपतो. सभ्य माणसं "अरे वा" म्हणून खिडकीबाहेर बघायला लागतात. बाकीचे सरळ विचारतात, "गोगलगायीच का? दुसरा कुठला प्राणी मिळाला नाही?"

मिळाला असता. पण मला जागचा न हलणारा हवा होता. वाघ एका रात्रीत डोंगर ओलांडून जातो. गोगलगायीच्या कित्येक पिढ्या एकाच कड्याखाली जन्मतात आणि मरतात. कवचासाठी तिला चुना लागतो, म्हणून चुनखडीच्या टेकडीवर ती सुखात असते. मधल्या, चुना नसलेल्या रानातून शेजारच्या टेकडीवर जायचं म्हणजे तिच्या लेखी समुद्र पोहून जाणं. बोर्निओत किनाबातांगान नदीच्या खोऱ्यात अशा सुट्या सुट्या टेकड्या आहेत. तिथल्या तिळाएवढ्या गोगलगायींच्या कवचाची ठेवण टेकडीगणिक बदलते. त्यांना खाणारी एक बिनकवचाची शिकारी गोगलगाय आहे, आणि तिची शिकारीची तऱ्हाही जागेगणिक वेगळी, असं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. चोर आणि कुलूप दोघंही गावोगावी वेगळे. हे बघायला कोट्यवधी वर्षांचे जीवाश्म लागत नाहीत, पायपीट लागते.

दुसरं कारण असं की गोगलगाय मेली तरी कवच ठेवून जाते. कड्याच्या पायथ्याची माती पोत्यात भरून आणायची, चाळायची, बादलीभर पाण्यात ओतून ढवळायची. खडे तळाला बसतात. रिकाम्या कवचांत हवा अडकलेली असते, त्यामुळे ती काटक्या-पाचोळ्याबरोबर वर तरंगतात. वरचं सगळं गाळणीने काढून वाळवायचं, बशीत पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. चिमट्याने उचलायला गेलं की चुरा होतो. नवख्या माणसाला त्या बशीत निव्वळ केर दिसतो. तासाभराने डोळा सरावला की केरातून कर्णे निघतात, भोवरे निघतात, फासळ्या असलेले इवलेसे पिंप निघतात. मला आजही पहिली दहा मिनिटं केरच दिसतो.

जिवंत गोगलगायी आणल्या तर वेगळी तऱ्हा. एकदा मी नमुने ओलसर डब्यांत ठेवले आणि प्रत्येकात जागा, तारीख, उंची लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकली. सकाळी गोगलगायी होत्या, चिठ्ठ्या नव्हत्या. गोगलगायी कागद खातात हे मी वाचलेलं होतं, म्हणजे दोष कुणाला द्यायचा तेही कळत होतं. आठवड्याचं काम त्यांच्या पोटात गेलं. "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण लबाडीसाठी वापरतात. शास्त्रीय भाषेतही तिच्या वर्गाचं नाव उदरपादच, पण लबाडीचं मला त्या सकाळी पटलं.

कीटकवाले मित्र आम्हाला हसतात. त्यांच्याकडे नाव दिलेल्या प्रजातीच दहा लाखांच्या आसपास, त्यात चार लाखांच्या घरात नुसते भुंगेरे. हसू देत. त्यांच्यातले कितीतरी आमच्या जिवावर जगतात. काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्या गोगलगायी मारून खातात. जपानात गोगलगायी खाणारा एक भुंगेरा आहे. त्याचं डोकं काही बेटांवर लांब आणि अरुंद असतं, कवचाच्या तोंडातून आत घालायला. काही बेटांवर ते रुंद आणि जाड असतं, कवच फोडायला. दोन्ही कामं एकाच डोक्याने धड होत नाहीत.

पण मला खरी भुरळ घातली ती डाव्या-उजव्याने. कवचाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे आलं तर कवच उजव्या वळणाचं. बहुतेक प्रजाती उजव्याच. डावी निघाली तर तिचे आतले अवयवही आरशातल्यासारखे उलटे असतात, आणि अनेक जातींत डाव्या-उजव्यांचं मीलन जुळतच नाही. म्हणजे डावी गोगलगाय जन्मभर एकटी. तरी काही ठिकाणी डाव्यांच्या अख्ख्या प्रजाती आहेत. का? जपानच्या इशिगाकी आणि इरिओमोते बेटांवर गोगलगायी खाणारा एक साप आहे. त्याच्या जबड्यात उजव्या बाजूला दात जास्त असतात, उजव्या कवचातला जीव ओढून काढायला सोयीचे. डावी गोगलगाय समोर आली की त्याची पकड सुटते. सापाने नकळत डाव्यांना राखलं.

इंग्लंडमध्ये २०१६ साली जेरेमी नावाच्या, बागेत आढळणाऱ्या जातीच्या एका डाव्या गोगलगायीसाठी संशोधकांनी लोकांना जाहीर विनंती केली: डावा जोडीदार शोधा. दोन सापडले, आणि त्या दोघांनी आधी एकमेकांशीच संधान बांधलं. जेरेमीची पाळी २०१७ मध्ये, मरणाच्या थोडं आधी आली. पिल्लं सगळी उजवी. पुढे कळलं की या जातीतलं डावेपण बहुधा आनुवंशिक नसतंच, वाढीतला अपघात असतो. तळ्यातल्या एका जातीत मात्र वळण आईच्या जनुकांवरून ठरतं, स्वतःच्या नाही.

"पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला फारसा आवडत नाही, तरी उत्तर तयार ठेवते. नेदरलँड्सच्या काही जंगलांत ग्रेट टिट पक्ष्यांच्या अंड्यांची टरफलं पातळ होऊन फुटायला लागली होती. १९९४ साली कारण छापून आलं: आम्लवर्षेने मातीतला चुना घटला, गोगलगायी घटल्या, आणि त्यांची कवचं खाऊन चुना मिळवणाऱ्या माद्यांचं अडलं. कवचाचे तुकडे पुरवल्यावर अंडी सुधारली. आणि पॅसिफिक महासागरातल्या मोओरेआ बेटावर आफ्रिकी गोगलगायींचा बंदोबस्त म्हणून १९७७ साली एक शिकारी गोगलगाय सोडली, तिने दहा वर्षांत तिथल्या पार्टुला नावाच्या गोगलगायींच्या जवळपास सगळ्या प्रजाती जंगलातून संपवल्या. काही प्राणिसंग्रहालयांत उरल्या.

एवढं ऐकून झाल्यावर शेवटी ठरलेला प्रश्न येतो: "बागेत फार झाल्यात हो, मीठ टाकलं की मरतात ना?" मरतात. अंगातलं पाणी ओढलं जाऊन, फेस येऊन, हाल होऊन मरतात, आणि मातीही नासते. त्यापेक्षा रात्री बॅटरी घ्या आणि हाताने वेचा. वेचताना टोक वर धरून प्रत्येकीचं तोंड बघा. उजव्यांच्या घोळक्यात एखादी डावी निघाली तर तिला डब्यात ठेवा आणि मला कळवा. चिठ्ठी मात्र डब्याच्या बाहेरून चिकटवा.